आवडता पदार्थ विचारताना

आचाऱ्यांच्या आणि शेफ मंडळींच्या मुलाखती मी हावरटासारख्या वाचतो, बघतो. त्यातल्या एका प्रश्नाचा मात्र आता कंटाळा आलाय: ‘तुमचा आवडता पदार्थ कोणता?’ उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, आईच्या हातचं वरण-भात नाहीतर आजीची पुरणपोळी. विचारणारा हळवा होतो, आपणही होतो, आणि इतकी वर्षं भट्टीपुढे उभा असलेला माणूस बाजूला राहतो.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला, गंगापूर रोडच्या एका मिसळीच्या हॉटेलात, मीही हेच विचारलं. रविवारची गर्दी ओसरली होती. आचारी हसला. “मिसळ तर नाहीच, दादा. पहाटे चारपासून काळा मसाला नाकात असतो. दुपारी दहीभात खातो, तोही उभ्यानंच.” मग खोबऱ्यावर आला. ते किती काळं भाजायचं हे म्हणे डोळ्यांना कळत नाही, नाकानं ओळखायचं. जळका वास यायच्या जरासं आधी उतरवायचं. मटकी वेगळी शिजवायची, रश्शात गाळ होऊ द्यायची नाही. बोलता बोलता म्हणाला, “पेपरात मालकांचा फोटो आला होता. रस्सा माझा.” तक्रारीचा सूर नव्हता, भाव सांगावा तसं सांगितलं.

‘आम्ही सारे खवय्ये’ची मजा मी वर्षानुवर्षं घेतली आहे. प्रशांत दामले ओट्यापाशी उभ्या बाईला तिच्या नावानं हाक मारायचे, तिचं कौतुक करायचे. हे थोडं नव्हतं. पण गप्पा पाककृतीच्या ताब्यात असत. बाई काही सांगू लागली की फोडणीत मोहरी तडतडायची आणि विषय हिंगावर जायचा.

याच्या उलट टोकाला मी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ठेवतो. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाचं हे पुस्तक. शीर्षकातल्या त्या एका ‘अ’नं पंगतीतला श्लोकच अडखळतो. त्यात पाककृती भरपूर आहेत, पण तेल-तूप का नाही, जनावराचा कोणता भाग कुणाच्या वाट्याला यायचा, हे पदार्थापासून सुटं काढताच येत नाही. आवड तिथे आहे, चवीनं आहे, पण ती कशातून घडली तेही सोबत येतं. भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला. त्या वाचकांना हे पुस्तक नुसतं ‘विस्मरणातल्या चवी’ म्हणून वाढलं जाऊ नये, एवढीच धास्ती वाटते.

पाटोळ्यांसारखं लिहायला ते जगणं लागतं, हे मान्य. विचारायला मात्र तेवढं लागत नाही. कामाच्या दिवशी तुम्ही काय खाता, कधी खाता, तुमच्यासाठी कोण रांधतं, एवढं विचारलं तरी मुलाखत आजीच्या पुरणपोळीवर अडकत नाही.

आणि पगार? तो मीही विचारला नाही. खोबऱ्यात रमलो. तेवढ्यात मागच्या दाराशी कांद्याची पोती आली, तो हात पुसत उठला, आणि माझ्या वहीत दोन पानं भरून मसालाच राहिला.