दमेकरी बालक आणि आंतरविद्याशाखीय प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना
‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द अलीकडे अभ्यासक्रमांत व चर्चासत्रांत सर्रास वापरला जातो. अनेक शाखांची माणसे एका यादीत आली की कार्य आंतरविद्याशाखीय झाले, असा समज त्यामागे असतो. प्रस्तुत लेखात बालदम्याच्या संदर्भात हा समज तपासून पाहिला आहे.

विवेचन
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची निवडक व्याधींसाठी तपासणी करणाऱ्या या योजनेत दम्यासारख्या श्वसनविकाराचाही समावेश आहे. फिरत्या पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता आहेत. तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा अभिप्रेत आहे. ही रचना निःसंशय स्तुत्य होय. तथापि तिचा भर व्याधी शोधून मुलाला पुढे पाठविण्यावर आहे. दमा मात्र वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो आणि तो सांभाळ मुख्यत्वे घरात व वर्गात होतो.

येथेच विद्याशाखांमधील भिंती मुलाला जाचतात. डॉक्टर इनहेलर लिहून देतात. परंतु लहान मुलाला तो स्पेसर व मास्क लावून द्यावा, स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी, हे प्रत्यक्ष करवून कोणी घ्यावे? ‘पंपाची सवय लागेल’ ही आईची भीती केवळ औषधशास्त्राने जात नाही. त्यासाठी संवाद लागतो. चुलीच्या धुराचा प्रश्न गृहविज्ञान व अर्थशास्त्र यांच्याकडे नेतो. खेळाच्या तासाला धाप लागलेल्या मुलाला आळशी ठरविले जात असेल, तर तो शिक्षणशास्त्राचा विषय ठरतो.

अमेरिकेत शासकीय माता व बाल आरोग्य विभागाच्या अनुदानातून उभ्या राहिलेल्या बालश्वसनविकार केंद्रांनी डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ व समाजकार्यकर्ते यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजविली. त्यात रुग्णाच्या कुटुंबाचा अनुभवही ज्ञान मानला गेला. मोठ्या रुग्णालयांवर आधारलेले ते प्रारूप आपल्या ग्रामीण भागात जसेच्या तसे आणणे व्यवहार्य नाही. त्यातील सहअध्ययनाचे तत्त्व मात्र स्वीकारार्ह आहे.

निष्कर्ष
शिक्षणशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान व परिचर्या यांचे विद्यार्थी काही तास एकत्र बसून एकाच मुलाच्या प्रश्नाचा विचार करू शकतात. त्यासाठी नव्या इमारतीपेक्षा वेळापत्रकातील लवचिकता आणि प्राध्यापकांची तयारी अधिक आवश्यक आहे. वर्गात धाप लागलेल्या मुलाजवळ प्रथम पोहोचणाऱ्या व्यक्तीला काय करावे हे ठाऊक आहे काय, यावरच अशा प्रशिक्षणाचे मूल्यमापन व्हावे.