दोन रेषा आणि आपला कापूस

मंडळी, आज बोलायचं आहे एका आलेखाबद्दल. भारत आणि बांगलादेश यांच्या तयार कपड्यांच्या निर्यातीच्या दोन रेषा. 1990 साली आपली रेषा कितीतरी वर होती. 2010 येईपर्यंत बांगलादेशची रेषा तिला ओलांडून गेली आणि आज त्यांची निर्यात आपल्या दुपटीहून जास्त आहे. इथवर आमचा वाद नाही. वाद आहे तो आलेखावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी: आपला कच्चा माल महाग, म्हणून आपण मागे.

यवतमाळात बसून हे वाचताना जरा थांबलं पाहिजे. कारण हा कच्चा माल म्हणजे राळेगावचा, वणीचा, पांढरकवड्याचा कापूस.

आता साधा प्रश्न विचारू. बांगलादेशात कापूस पिकतो किती? त्यांच्या गरजेच्या मानाने नगण्य. अलीकडच्या वर्षांत आपल्या गाठींचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तेच आहेत. आपल्याकडून कापूस घेऊन, वरून वाहतूक भरून ते पुढे गेले. मग आपण मागे पडलो ते कापसाच्या भावामुळे, हे कसं मानायचं?

कारणं दुसरीकडे आहेत. 2001 पासून युरोपीय संघाने अल्पविकसित देशांच्या कपड्यांवरचं शुल्क शून्य केलं. 2011 मध्ये नियम आणखी सैल झाला: कापड बाहेरून आणून नुसतं शिवलं तरी सवलत. आपल्या कपड्यांवर मात्र शुल्क लागत राहिलं. तिकडे हजारो बायकांच्या हातांवर चालणारे मोठे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे 2000 च्या वस्त्रधोरणापर्यंत हा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता. त्यांच्या वाढीची किंमतही मोठी आहे. 2013 साली राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली. रेषा त्या वर्षीही वरच चढली.

चुकीच्या वाचनाची किंमत इथे मोजावी लागते. मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाल्यावर काही दिवसांत निर्णय मागे घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपला नवा कापूस बाजारात येण्याचे दिवस.

गिरण्यांची अडचण खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. घरचा भाव जगाच्या भावावर गेला की सूत विकलं जात नाही. पण निर्यातीसाठी अग्रिम परवान्यावर शुल्काविना कापूस आणता येतो. सवलत सरसकट दिली की झळ शेतकऱ्याला बसते.

चूक आपलीही आहे. ‘कच्चा माल बाहेर जातो म्हणून आपण गरीब’ हे आपणही सहज बोलून जातो. पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं की भाव पाडून मागणारे इथेच उभे असतात.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतोय. 20 सप्टेंबर 2024 ला त्याची पायाभरणी झाली. तिथे कपडे शिवले जावेत, आपल्या पोरापोरींना काम मिळावं, हे आपल्याला हवंच आहे. उद्या त्याच्या यशाचा आलेख कुणी दाखवला, तर आपण एवढंच विचारायचं: क्विंटलमागे शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, ती तिसरी रेषा कुठे आहे?