नेथनच्या घेवड्याला शेंगा का धरल्या नाहीत?

माझी पीएचडी शेंगवर्गीय पिकांच्या परागीभवनावर आहे हे कळलं, की इंग्रजी कादंबऱ्या वाचणारं कुणी ना कुणी विचारतंच, "मग तू 'द पॉयझनवुड बायबल' वाचलीस की नाही? त्यात तुझाच विषय आहे!" वाचली आहे, दोनदा. आवडलीही आहे. पण ज्या प्रसंगासाठी ती मला सुचवली जाते, नेमका तोच प्रसंग मला पटत नाही. का पटत नाही आणि त्यामुळे कादंबरीचं काय होतं, ते आज सांगते. मध्ये थोडं वनस्पतीशास्त्र येईल, पण घाबरू नका. आणि कथेतली मोठी वळणं मी फोडणार नाही.

बार्बरा किंगसॉल्व्हर यांची ही कादंबरी १९९८ साली आली. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून नेथन प्राइस नावाचा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक बायको ऑर्लिआना आणि चार मुलींना घेऊन बेल्जियन काँगोतल्या किलांगा या खेड्यात राहायला येतो. गाव काल्पनिक आहे, क्विलू नदी खरी आहे. विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा, म्हणून या बायकांनी केकच्या तयार पिठाची पाकिटंसुद्धा अंगावरच्या कपड्यांखाली लपवून आणलेली. तिथल्या दमट हवेत त्या पिठाचे दगड होतात. मग पाणी आणा, उकळा, चूल पेटवा, हिवतापाच्या गोळ्या पोरींच्या घशाखाली उतरवा, असा संसार सुरू होतो. ३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र होतो आणि राजकारण दाराशी येऊन उभं राहतं.

गोष्ट सांगतात त्या आई आणि चार मुली. नेथनला एकही प्रकरण नाही. मिशनशी बांधलेल्या माणसाचं घर त्याच्या बायकोच्या नजरेतून पाहणं मराठी वाचकाला नवं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्याकडे आहेतच. पण लक्ष्मीबाई नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर हसू शकतात. ऑर्लिआना मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलते.

आता त्या प्रसंगाकडे येऊ. नेथनला गावकऱ्यांना प्रात्यक्षिक म्हणून बाग करून दाखवायची आहे. तो जमीन सपाट करतो आणि अमेरिकेहून आणलेलं बी पेरतो: 'केंटकी वंडर' जातीचा घेवडा, भोपळे, टोमॅटो. घरात कामाला असलेली मामा ताताबा त्याला दोन गोष्टी सांगते. एक, त्या झाडाला हात लावू नका. दुसरी, माती अशी सपाट ठेवू नका, उंचवटे करा. तो दोन्ही ऐकत नाही. झाडाचा चीक लागून त्याचे हात, तोंड आपल्याकडे बिब्बा उतल्यावर होतं तसं सुजतं. मामा ताताबा गुपचूप उंचवटे करून ठेवते, तर हा ते पुन्हा मोडतो. मग पाऊस येतो आणि सगळं बी वाहून जातं. तेव्हा कुठे स्वारी उंचवटे करते. यावेळी वेली उगवतात, फोफावतात, फुलतात. पण फळ काही धरत नाही. शेवटी नेथनच्या लक्षात येतं, की या फुलांचं परागीभवन करणारे कीटक इथे नाहीत. बी आणलं, कीटक राहिले तिकडेच!

समीक्षकांना आणि शिक्षकांना हा प्रसंग फार आवडतो, कारण त्याचा अर्थ हातात आयता येतो: परका धर्म परक्या मातीत फुलेल, फळणार नाही. किंगसॉल्व्हर यांचं पदव्युत्तर शिक्षण परिस्थितीकी आणि उत्क्रांतीशास्त्रातलं आहे. त्यामुळे हा प्रसंग विज्ञान म्हणून तपासणं काही अन्यायाचं होणार नाही.

केंटकी वंडर म्हणजे आपल्या फरसबीचाच भाऊबंद. राजमाही त्याच प्रजातीचा. या फुलाची रचना अशी, की फूल उमलण्याच्या सुमारासच आतले परागकोश फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. बहुतेक काम घरातल्या घरात उरकतं. हे तपासायची पद्धतही सोपी आहे. कळी उमलण्याआधी तिच्यावर बारीक जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे कीटक आत येत नाहीत. शेजारची काही फुलं उघडी ठेवायची. मग दोन्हीकडच्या शेंगा मोजायच्या. कीटकांवाचून अडणारं पीक असेल तर पिशवीतली फुलं गळून जातात. फरसबीत पिशवीतही शेंगा धरतात. म्हणजे किलांगात एकही कीटक नसता, तरी नेथनच्या घेवड्याला शेंगा यायला हव्या होत्या.

मग आल्या का नाहीत? मला त्या बागेत नेलं असतं, तर मी आधी रात्रीचं तापमान विचारलं असतं. रात्री २० अंशांच्या फार वर राहू लागल्या, की फरसबीचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुलगळ होते. मध्य आफ्रिकेत हा घेवडा मुख्यतः किवू, रवांडासारख्या थंड डोंगराळ भागात पिकतो, त्याचं हेच कारण. टोमॅटोचंही तसंच: फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण उबदार रात्री त्याला सोसत नाहीत. दुसरा प्रश्न नत्राचा. नत्र जास्त झालं की पालाच पाला होतो. या दोन्ही शक्यता तपासता आल्या असत्या.

राहिला भोपळा. त्याची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, त्यामुळे त्याला मधमाशी लागतेच. पण युरोप-अमेरिकेत पाळली जाणारी मधमाशी ही आफ्रिकेचीही मूळ रहिवासी आहे! अमेरिकेत ती नव्हती. १६२२ मध्ये व्हर्जिनियात ती जहाजातून नेली गेली. म्हणजे जॉर्जियात नेथनच्या भोपळ्यांवर बसणारी माशीच परदेशी होती, आणि किलांगातली स्थानिक. आफ्रिकाभर आज भोपळे पिकतात, ते तिच्याच जिवावर.

तुम्ही म्हणाल, काय हा कीस! कादंबरी आहे, कृषी पुस्तिका नव्हे. मान्य. चूक सजावटीतली असती तर मी गप्प बसले असते. पण इथे कादंबरीचा मुख्य युक्तिवादच या वेलीवर चढवलाय. 'परकं रुजत नाही' हे निसर्गाच्या तोंडून वदवून घेतलंय, आणि ते खरं नाही.

किलांगातल्या बायका जो मॅनिऑक लावतात, भिजवतात, कांडतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आफ्रिकेत आला. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. शेंगदाणा, मिरची आणि बटाटाही अमेरिकेतलेच. म्हणजे एकादशीच्या खिचडीत मीठ, जिरं आणि तूप सोडलं तर फारसं 'आपलं' काही नाही. उलट आपण जिला अगदी गावरान समजतो ती चवळी मूळची आफ्रिकेची. परकं रुजतं, भरपूर रुजतं. प्रश्न ते कोणाच्या हातून आणि काय शिकून रुजतं हा आहे.

मॅनिऑकचंच घ्या. त्याच्या कडू जातींत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. कंद काही दिवस पाण्यात भिजवून, आंबवून, वाळवून ती काढावी लागतात. दुष्काळात किंवा घाईत हे टप्पे गाळले गेले आणि आहारात पुरेशी प्रथिनं नसली, तर पाय कायमचे लुळे पडतात. या आजाराला कोंझो म्हणतात. त्याचं वर्णन १९३८ मध्ये क्विलूच्या शेजारच्याच क्वांगो भागातून झालं. म्हणजे घरातल्या बाईचं भिजवण्याचं वेळापत्रक हे जगण्यामरण्याचं ज्ञान आहे. एक अमेरिकन कंद काँगोचा झाला तो या ज्ञानामुळे. नेथनच्या बागेपासून चार पावलांवर हे चालू आहे. त्याला ते दिसत नाही हे कादंबरी छान दाखवते. पण त्याच्या अपयशाचं कारण सांगताना मात्र ती तिथे न पाहता कीटकांकडे बोट दाखवते.

कीटकावाचून अडल्याचं खरं उदाहरण क्विलूच्याच ओळखीचं आहे, आणि ते उलट दिशेचं आहे. तेलमाड हे आफ्रिकेचं झाड. १९११ पासून लिव्हर कंपनीने काँगोत त्याच्या तेलाचा मोठा कारभार उभारला. क्विलूच्या काठी लिव्हरव्हिल वसलं, आणि त्या कामासाठी माणसांवर जबरदस्तीही झाली. तोच माड मलेशियात नेला, तर तिथे त्याचा सोबती भुंगा नव्हता. मळेवाल्यांना मजुरांकरवी हाताने परागीभवन करून घ्यावं लागे. १९८१ मध्ये कॅमेरूनहून तो भुंगा आणून सोडला तेव्हा ते थांबलं. ज्याच्यापाशी पैसा आणि सत्ता आहे त्याला कीटकसुद्धा मागवता येतो. 'माती परक्याला नाकारते' या दिलाशात ही गोष्ट बसत नाही.

म्हणून मला वाटतं, की कीटकांचं कारण नेथनला फार स्वस्तात सोडतं. कीटक नाहीत म्हटल्यावर दोष भूगोलाचा झाला. उंचवट्यांचा प्रसंग मात्र त्याला सुटू देत नाही. तिथे उत्तर समोर उभं होतं आणि तोंडाने सांगत होतं. आपल्या शेतकऱ्याला सरी-वरंबा समजावून सांगावा लागत नाही. मुसळधार पावसाच्या मुलखात पाण्याला वाट आणि मुळांना उंची द्यावी लागते, इतकी साधी बाब. बाप्तिस्म्याचंही तेच. नेथनला मुलांना नदीत उतरवायचंय. गावकरी का तयार नाहीत हे त्याला फार उशिरा कळतं: नदीत मगर आहे, आणि तिने गावातलं एक मूल नेलंय. भाषेचंही तेच. 'बांगाला' हा शब्द एका उच्चारात 'मोलाचा', दुसऱ्या उच्चारात ते चीक उतणारं झाड. तो दर रविवारी चुकीचा उच्चार करून येशू विषारी झाड असल्याचं ठणकावून सांगतो, आणि कुणाला विचारत नाही. या तिन्ही जागा कीटकांच्या प्रसंगापेक्षा कितीतरी सरस आहेत.

कादंबरीला हे कळत नाही असंही नाही. नेथनच्या आधी तिथे राहिलेला ब्रदर फाउल्स हाही परकाच मिशनरी, पण तो विचारत, बघत, शिकत गेला आणि तिथलाच झाला. मोठी झाल्यावर लेआ आफ्रिकेतच राहते, शेतीचंच काम करते. म्हणजे पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धातल्या रूपकाला खोडून काढतो. तरी लोकांच्या लक्षात राहतं ते रूपकच, कारण ते सोपं आहे.

मला याचं एवढं का लागतं? कारण प्रात्यक्षिक बाग हा शब्द आमच्या क्षेत्रात रोजचा आहे. आम्ही सुधारित बियाणं घेऊन गावात जातो, कुणाच्या तरी बांधालगत डेमो प्लॉट टाकतो, फलक लावतो. पीक साधलं नाही तर अहवालात हवामान, कीड, परागीभवन असं कारण लिहिता येतं, आणि ते कधीकधी खरंही असतं. पण "शेजारच्या बाईंनी पेरणीआधी काय सांगितलं होतं?" असा रकाना त्या अहवालात नसतो.

कादंबरी जरूर वाचा. जाडजूड आहे, पण पाच आवाज असल्याने कंटाळा येत नाही. आडाचा तिरका विनोद तर वसूल आहे. बागेचा प्रसंग आला की कीटकांपाशी घाई करू नका. थोडं मागे जा, जिथे मामा ताताबा कुणी न सांगता माती वर ओढून ठेवते. तिलाही कादंबरीत स्वतःचं प्रकरण नाही. असतं, तर शेंगा का धरल्या नाहीत हे तिने काय सांगितलं असतं, ते मला वाचायला आवडलं असतं.