डोंबाऱ्याची लेक आणि देवांचे निवेदन : 'राजी' या व्हिडिओ गेमची चिकित्सा

प्रस्तावना

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने निर्माण केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम 'निन्टेन्डो स्विच' या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवर प्रकाशित झाला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे या संस्थेचे संस्थापक. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही खेळ पूर्ण झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात २०२० च्या उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया' या दुसऱ्या खेळाला गेला. भारतीय पुराणकथेवर भारतात तयार झालेला आणि जगभर गांभीर्याने खेळला गेलेला खेळ म्हणून 'राजी'चे नाव घ्यावे लागते.

असे असूनही मराठी समीक्षेने या कृतीची दखल घेतल्याचे फारसे आढळत नाही. व्हिडिओ गेमकडे आपण प्राध्यापकवर्गाने आजवर बहुतांशी शिस्तीचा प्रश्न म्हणूनच पाहिले आहे. आपल्या वर्गात बसणाऱ्या पिढीला दुर्गा आणि विष्णू हे कीर्तनातून किंवा ग्रंथातून नव्हे, तर अनेकदा अशा पडद्यावरून भेटतात. म्हणून त्या पडद्यावर पुराण कोण सांगते आणि कोणाला ऐकवते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात 'राजी'च्या गुणदोषांचा विचार याच प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

एक तांत्रिक खुलासा आरंभीच करणे इष्ट. भूमिकाप्रधान खेळात खेळाडू आपल्या पात्राची जडणघडण स्वतः करतो, अनेक निर्णय घेतो आणि त्यांचे परिणाम भोगतो. 'राजी' काटेकोरपणे या प्रकारात बसत नाही. तो साहसप्रधान युद्धखेळ आहे. शस्त्रांना वीज, अग्नी आणि हिम यांच्या शक्ती जोडून त्या वाढविण्याची सोय त्यात आहे, परंतु नायिकेच्या वाटचालीत खेळाडूला निवड नाही. या अभावाचा अर्थ पुढे स्पष्ट होईल.

कथानक आणि नायिका

राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही आईबाप नसलेली भावंडे जत्रेत कसरती करून पोट भरतात. रक्षाबंधनाच्या दिवशी महाबलासुराचे सैन्य नगरावर तुटून पडते आणि मुलांना पळवून नेते. त्यांत गोलूही असतो. देवी दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते, ढाल-तलवार मिळते, आणि राजी किल्ले, मंदिरे व वाळवंट ओलांडत भावाच्या शोधात निघते. सुमारे पाच तासांत संपणारी ही कथा आहे.

कथेचा सांगाडा परिचित आहे. नायिकेची निवड मात्र परिचित नाही. पुराणकथेवर आधारलेल्या खेळांत नायक बहुधा राजपुत्र, योद्धा किंवा स्वतः देव असतो. येथे देवांनी निवडलेली व्यक्ती दोरीवर चालणारी एक पोर आहे. खेळात तिची जात सांगितलेली नाही. मराठी वाचकाला मात्र ती पाहताक्षणी डोंबारी आठवतो : रस्त्याच्या कडेला रोवलेल्या दोन कैच्या, त्यांवर ताणलेली दोरी, खाली ढोलकी वाजवणारा बाप आणि वर हातात काठी धरून तोल सावरणारी मुलगी. सोलापूरकराला तर आणखीही काही आठवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना तारेच्या कुंपणात डांबले गेले, त्या जमातींची 'सेटलमेंट' आपल्याच शहरात होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण वस्तीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. करमाळा तालुक्यातील नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ मध्ये आले, तेव्हा या कलावंत जमातींतील मुलांचे बालपण प्रथमच आतून दिसले. 'राजी'च्या निर्मात्यांसमोर हा संदर्भ होता असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु कलाकृती वाचकाच्या भूमीत येऊन पडते, आणि या भूमीत कसरतीची दोरी ही नुसती शोभेची वस्तू राहत नाही.

शरीराची भाषा

'राजी'चे सर्वांत मोठे बलस्थान तिची हालचाल आहे. ती खांबावर धावत चढते, खांबाला धरून स्वतःभोवती गिरकी घेते आणि त्या गिरकीतूनच भोवतालच्या असुरांवर घाव घालते. भिंतीवर पाय रोवून उलटी झेप घेते. शत्रूंच्या कोंडाळ्यात सापडलेल्या राजीचे रक्षण तिचे दैवी शस्त्र जेवढे करते, तेवढेच तिची जत्रेत कमावलेली कसरत करते. तिच्या लढण्यात तिचा पूर्वीचा धंदा टिकून राहतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' (२००३) या खेळाशी तिची तुलना वारंवार केली गेली आणि ती गैर नाही, तेथील राजपुत्रही भिंतींवरून धावतो. पण राजपुत्राला ते कसब का यावे याचे उत्तर ती कथा देत नाही. राजीच्या बाबतीत उत्तर तिच्या जगण्यातच आहे.

खांबावरची राजी पाहताना मल्लखांबाची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केल्याचे सांगितले जाते. पुढे ती तालमीत, शाळेत आणि स्पर्धांत प्रतिष्ठित झाली. डोंबाऱ्याच्या वाट्याला अशी प्रतिष्ठा आली नाही. शरीराचे कौशल्य जवळपास तेच, परंतु एकाला क्रीडा म्हटले गेले आणि दुसऱ्याला पोटासाठीचा खेळ. या पार्श्वभूमीवर जत्रेतल्या पोरीच्या अंगी असलेल्या कसबाला थेट युद्धविद्येचा दर्जा देणारी ही रचना, निर्मात्यांच्या मनात असो वा नसो, फार मोलाची वाटते.

दुर्दैवाने हे बलस्थान तंत्राच्या पातळीवर पुरते निभावले गेलेले नाही. बटण दाबल्यानंतर राजी सुरू केलेली हालचाल पूर्ण करूनच दुसरीकडे वळते. मधल्या क्षणी शत्रूचा घाव बसतो आणि खेळाडूला आपला दोष नसताना मार खाल्ल्यासारखे वाटते. कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही. त्यामुळे दूरवरून दिसणारी भव्य दृश्ये चित्रासारखी जुळून येतात, पण उडी नेमकी कोठे पडणार याचा अंदाज चुकतो. जिचे सारे अस्तित्व तोल सांभाळण्यावर उभे आहे, तिलाच खेळाडूच्या हातून कड्यावरून वारंवार पडावे लागते. ही त्रुटी किरकोळ मानता येणार नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाईची बाजू काहीशी सफाईदार करण्यात आली, तरी मूळचा जडपणा पूर्णतः गेला नाही.

भिंतींवरील चित्रे आणि देवांचा आवाज

दृश्यरचनेच्या बाबतीत 'राजी'ला अपवाद काढणे कठीण आहे. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे आणि छत्र्या, पहाडी लघुचित्रांतून घेतलेली रंगसंगती, पाण्यात उमललेली कमळे यांतून एक सलग स्वप्ननगरी उभी राहते. महत्त्वाचे कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा जपली आहे. त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. निर्माते पुण्याचे असल्यामुळे पिंगुळीची एखादी रेषा तरी खेळात यावी अशी अपेक्षा मराठी मनात डोकावते. ती पूर्ण होत नाही. खेळातले प्राचीनत्व जवळजवळ सर्वस्वी उत्तरेकडचे आहे. सह्याद्रीतील लेणी किंवा आपल्याकडची हेमाडपंती मंदिरे यांचा त्यात मागमूस नाही.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर चित्रकथी या खेळात आहेच. वाटेत ठिकठिकाणी भिंतींवर चित्रे आहेत, राजी त्यांच्यासमोर उभी राहिली की त्यांची कथा ऐकू येते. चित्र दाखवायचे आणि कथा सांगायची, हाच चित्रकथीचा धर्म. फरक आहे तो निवेदकाचा. पिंगुळीचा कलावंत एकटाच राम, रावण, सीता सगळ्यांचे आवाज काढतो. देव त्याच्या तोंडून बोलतो. येथे निवेदन देवांकडेच आहे. दुर्गा आणि विष्णू वरून राजीची वाटचाल पाहतात, तिच्याविषयी आपसांत बोलतात आणि चित्रांचे अर्थ सांगतात. राजी ऐकते.

एकनाथांच्या भारुडांशी ताडून पाहता हा फरक अधिक ठळक होतो. वासुदेव, जोशी, गोंधळी असे दारोदार फिरणारे लोक तेथे बोलतात आणि अध्यात्म त्यांच्या बोलीत उतरते. सोळाव्या शतकात एका ब्राह्मण संताने जे केले, ते एकविसाव्या शतकातील या खेळाला सुचू नये याची खंत वाटते. कसरत करणारी मुलगी मध्यभागी आहे, पण तिच्या जगाचा अर्थ लावण्याचा अधिकार देवांनी आपल्याकडेच ठेवला आहे. तिला जे दिसते ते तिला समजावून सांगितले जाते, जणू ती स्वतःच्याच कथेत पर्यटक म्हणून आली आहे. खेळाडूला निवड नसणे आणि राजीला आवाज नसणे या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत.

याला एकच सुंदर अपवाद आहे. काही ठिकाणी गोलाकार चित्राची वर्तुळे फिरवून ते जुळवावे लागते. चित्र पूर्ण झाले की राजी आणि गोलू यांच्या पूर्वायुष्यातील एखादा प्रसंग उलगडतो. कोडे म्हणून ते अगदी सोपे आहे आणि समीक्षकांनी त्याबद्दल नाके मुरडली. प्रस्तुत लेखकाला मात्र या जागा खेळातील सर्वांत उत्कट वाटतात. येथे भिंतीवर अवतारकथा नसते. दोन अनाथ मुलांचे साधे आयुष्य मंदिरातील चित्राच्या मानाने मांडलेले असते. अशा जागा आणखी असत्या तर!

असुर कोण?

महाबलासुर दुष्ट आहे, यापलीकडे त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. देवांशी झालेल्या जुन्या युद्धात असुर हरले आणि आता ते सूड घ्यायला आले आहेत, एवढ्यावर काम भागवले आहे. मराठी परंपरा असुराच्या बाबतीत इतकी कोती नाही. खंडोबाने मारलेल्या मणीला देवाजवळ जागा मिळते आणि मल्लाचे नाव 'मल्हारी'त कायमचे जोडले जाते. बळीला पाताळात घातल्याची कथा सांगणारा शेतकरीच दिवाळीत बळीचे राज्य यावे म्हणून ओवाळून घेतो. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) त्याच बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. 'महाबल' हे नाव कानी पडताच हा सारा इतिहास जागा होतो, आणि खेळ त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

पुराणाधारित खेळाला हे साधतच नाही असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग' या चिनी खेळात माकडराजाच्या प्राचीन कथेतील राक्षस येतात, प्रत्येकाचे चित्र आणि त्याची स्वतंत्र कथा खेळाडूला वाचायला मिळते. मारलेल्या राक्षसाची कहाणी वाचताना अनेकदा आपण काय केले, असा प्रश्न पडतो. त्या खेळामागचा पैसा आणि मनुष्यबळ यांची पुण्याच्या चिमुकल्या संस्थेशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण असुराला एक कहाणी देण्यास पैसा लागत नाही, लेखक लागतो.

भाषा आणि शेवट

मूळ आवृत्तीतील संवाद इंग्रजीत होते. देवांच्या तोंडची इंग्रजी एखाद्या संग्रहालयातील मार्गदर्शकासारखी कोरडी वाटते. कथेतील वात्सल्य त्यात उतरत नाही. २०२२ च्या आवृत्तीत हिंदी आवाज देण्यात आले आणि खेळ पुष्कळच घरचा वाटू लागला. दुर्गा आणि विष्णू यांच्यातील नर्मविनोद हिंदीत प्रथमच खुलतो. राजीच्या हाका, धाप लागणे, गोलूचे नाव घेणे यांना वजन येते. मराठी आवाज मात्र या आवृत्तीतही नाही. पुण्यात घडलेल्या आणि डोंबाऱ्याच्या लेकीसारख्या नायिकेच्या खेळात मराठीचा एक शब्दही ऐकू येऊ नये, हे बाजाराच्या हिशोबाने समजण्यासारखे असले तरी मनाला लागते.

शेवट अकस्मात येतो. पाच तास जिचा माग काढला, ती कथा निर्णायक क्षणी तुटल्यासारखी थांबते आणि अनेक प्रश्न अनुत्तरित राहतात. पुढील भागाची सोय म्हणून असे केले असेल तर ती सोय निर्मात्यांची आहे. खेळाडूच्या हाती उरते ती अर्ध्यावर ताणलेली दोरी, आणि तिच्यावर उभी असलेली राजी.