नाण्याचा डोळा: चिनी ताईत-नाण्यांच्या अर्थवाचनाचा प्रश्न

चलनी नाण्यासारखे दिसणारे, परंतु चलन नसलेले ताईत चीनमध्ये हान काळापासून आढळतात. त्यांवरील चिन्हांविषयीच्या परिचयपर लेखनात बहुधा एक तक्ता असतो : वटवाघूळ म्हणजे सौभाग्य, हरीण म्हणजे राजसेवेतील वेतन, मासा म्हणजे समृद्धी. एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकानेही असाच तक्ता तयार केला होता. तो चुकीचा नव्हता; मात्र या ताइतांतील अर्थ कसा घडतो, हे त्यातून मुळीच कळत नव्हते.

वटवाघळाच्या रूपात वा सवयींत सौभाग्य शोधण्याचे कारण नाही. वटवाघळाच्या चिनी नावातील 'फू' आणि सौभाग्यवाचक 'फू' यांचा उच्चार एकच आहे. हरणाचा 'लू' आणि वेतनाचा 'लू', माशाचा 'यू' आणि शिलकीचा 'यू' यांचेही तसेच. म्हणजे ज्याला आपण प्रतीक म्हणतो तो वस्तुतः श्लेष आहे, आणि चित्र येथे पाहायचे नसून ऐकायचे आहे.

याचा सर्वांत देखणा नमुना छिद्राशी निगडित आहे. नाण्याच्या चौकोनी छिद्राला चिनी भाषेत 'यान', म्हणजे डोळा म्हणतात. नाणे म्हणजे 'छियान'. 'समोर' या अर्थाचा शब्दही 'छियान'च. त्यामुळे छिद्राजवळ वटवाघूळ कोरले की 'सौभाग्य डोळ्यांसमोर आहे' असे पूर्ण वाक्य सिद्ध होते. त्यातले 'डोळा' आणि 'समोर' हे शब्द कारागिराने काढलेलेच नाहीत; ते खुद्द नाण्याने पुरवले आहेत. गोल कड म्हणजे आकाश आणि चौकोनी छिद्र म्हणजे पृथ्वी, हे विवेचन सर्वत्र येते. पण हेच छिद्र वाक्यातला शब्द होते, याची नोंद तक्त्यात करायची कोठे?

अर्थात श्लेषाची किल्ली प्रत्येक ताइताला लागत नाही. उत्तर-झोऊ राजवटीच्या सम्राट शीझोंगने इ. स. ९५५ मध्ये बौद्ध विहारांतील ब्राँझच्या मूर्ती वितळवून 'झोऊयुआन तोंगबाओ' ही नाणी पाडली. मूर्तीचे सामर्थ्य त्यांत उतरले, विशेषतः ती सुखरूप प्रसूतीस साहाय्य करतात, अशी श्रद्धा रूढ झाली. येथे अर्थ शब्दातून नव्हे, धातूच्या इतिहासातून येतो. मात्र पुढील शतकांत या नाण्यांच्या प्रतिकृती ताईत म्हणून निघाल्या, मागील बाजूस ड्रॅगन आणि फिनिक्स घेऊन. त्यांत त्या मूर्तींचा धातू नव्हता. उरली होती ती केवळ चार अक्षरे.