दोन मिलिमीटरच्या आत सगळंच 'बारीक'?

नदीतल्या बारीक गाळाचा तळावरच्या जिवांवर काय परिणाम होतो, या विषयावर वाचायला बसलात की वुड आणि आर्मिटेज यांचा १९९७चा आढावा तुमच्या हातात येणारच. यायलाच हवा. गोट्यांमधल्या फटी बुजतात, अळ्यांचे कल्ले चोंदतात, कॅडिसफ्लायच्या अळ्यांची जाळी गाळाने भरतात, काही जीव तळ सोडून प्रवाहाबरोबर निघून जातात. ही कारणं इतकी नीट वेगळी करून मांडलेली क्वचितच सापडतील.

पण हा आढावा वाचताना एक प्रश्न विचारत राहा: तळ कुठला? यातलं बरंचसं काम उथळ, गोट्यांच्या ओढ्या-नद्यांवरचं आहे. आणि बारीक गाळ म्हणजे २ मिलिमीटरपेक्षा लहान सगळं. म्हणजे वाळू, पोयटा, चिकणमाती, सगळी एकाच पिशवीत.

आता हीच व्याख्या घेऊन विरारहून डहाणू लोकल पकडा आणि वैतरणा स्टेशन सोडल्यावर पुलावरून खाली बघा. भरती-ओहोटीचं गढूळ पाणी, तळ रेती आणि चिखलाचा. आपल्या व्याख्येप्रमाणे इथला तळ जवळजवळ शंभर टक्के 'बारीक गाळ', म्हणजे पहिल्या दिवसापासूनच बिघडलेला! बरं, इथला वाद कशाचा आहे? रेती उपशाचा. सक्शन पंप रेती आणि पाणी एकत्र ओढतो, रेती बोटीत राहते, गढूळ पाणी परत नदीत. रेती कमी, चिखल जास्त. पण तुमच्या तक्त्यात उपशाआधी शंभर टक्के आणि उपशानंतरही शंभर टक्केच. जो बदल शोधायला आपण गेलो, तोच मोजमापात दिसत नाही. मला हा दोष किरकोळ वाटत नाही.

जिवांना मात्र हा फरक कळतो. समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो कधीच नोंदवलाय. हॉवर्ड सँडर्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या बझर्ड्स बे इथे दाखवलं की पाणी गाळून खाणारे जीव बारीक वाळूत जास्त, आणि गाळच गिळणारे चिखलात जास्त. तिसऱ्या पहिल्या गटातल्या, चिखलातले बरेच कृमी दुसऱ्या. नदीवाले आणि खाडीवाले एकमेकांचं फारसं वाचत नाहीत, याची किंमत वैतरणेसारख्या ठिकाणी मोजावी लागते. अर्थात सँडर्स वाचून लगेच खूश होऊ नका. स्नेलग्रोव्ह आणि बटमन यांनी १९९४ मध्ये बजावलंय की कणांचा आकार हे एकटं कारण नसतं. प्रवाह, अन्न, पिल्लं येऊन स्थिरावणं, हे सगळं त्यात गुंतलेलं असतं.

गुणांक पद्धतीचंही तेच. ब्रिटनची बीएमडब्ल्यूपी पद्धत सेंद्रिय प्रदूषणासाठी बनवलेली. तिच्यात ऑलिगोकीट कृमींना १ गुण, सर्वांत कमी. चिखलात ते असणारच. मग कमी गुण सांडपाण्यामुळे की नुसत्या चिखलामुळे, हे कसं ओळखणार? वसई-विरारच्या आसपास तर दोन्ही एकत्रच भेटतात.

तेव्हा निदान ६३ मायक्रॉनची चाळणी वापरा आणि वाळू व चिखल वेगवेगळे लिहा. मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं वरून येणारी रेती अडवतात, म्हणून रेती घटल्याचं सगळं खापर पंपावर फोडायची घाईही नको.

आणि एक. 'उपशाच्या वर एक नमुना, खाली एक नमुना' ही आराखड्यातली आवडती ओळ इथे चालत नाही. भरती आली की प्रवाह उलटतो, पंपाचा चिखल वरच्या बाजूलाही जाऊन बसतो. फार वर सरकलात तर पाण्याचा खारटपणाच बदलतो आणि जीवही. तुलनेसाठी तेवढ्याच खारटपणाची, उपसा नसलेली दुसरी जागा शोधा, आणि प्रत्येक नमुन्यासोबत भरतीची वेळ लिहा.