पाहुण्याचा जिव्हाळा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपले हस्तलिखित अभिप्रायासाठी माझ्याकडे आणून दिले. काठमांडूच्या एका अनाथालयात तो सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून राहून आला होता. तेथील पाच-सहा वर्षांच्या एका मुलीला त्याचा लळा लागला. ती त्याचे बोट धरून झोपते, तो निघतो तेव्हा फाटकापर्यंत येते, आणि विमानात त्याला रडू कोसळते. हे सारे खरेच घडले असणार. त्याच्या भावनेबद्दल मला शंका नाही. तरीही हे लेखन मला अपुरे आणि काही अंशी खोटे वाटले. लेखक यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजुराचा मुलगा आहे, आपल्याच चळवळीतला आहे. म्हणून हे स्पष्ट बोलणे अधिक गरजेचे आहे.

ऐंशी पानांच्या या लेखनात त्या मुलीच्या तोंडी एकही पूर्ण वाक्य नाही. तिला डोळे आहेत, हसू आहे, विस्कटलेले केस आहेत. पण गाव नाही, जात नाही, आई नाही. पहिल्याच पानावर लेखक तिला 'अनाथ' म्हणतो आणि तो शब्द शेवटपर्यंत तपासत नाही. नेपाळात १९९६ ते २००६ या यादवी युद्धाच्या काळात दलालांनी डोंगरातल्या गरीब आईबापांकडून शिक्षणाच्या नावाने पैसे घेतले आणि त्यांची मुले राजधानीतल्या अनाथालयांत आणून टाकली. कागदावर ती अनाथ झाली. आईबाप गावात जिवंत होते. परदेशी पाहुणा येतो, मुलांना कवटाळतो, देणगी देतो; म्हणून फाटकाच्या आत मुले असावी लागतात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये अशा व्यापाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. आपल्या लेखकाची मुलगी अशीच आणलेली होती, असा माझा दावा नाही. त्याने विचारले नाही, एवढाच माझा आक्षेप आहे. अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी मिठी मारणारे मूल प्रेमळ असते, असे आपण समजतो. ज्याची माणसे वारंवार सोडून गेली आहेत, ते मूलही असेच वागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी पाच वर्षे तालुक्याच्या एका वसतिगृहात गेली. शहरातून एक बाई सुटीत तेथे येऊन राहिल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून वाचायला शिकवले, माझ्या डोक्याला तेल लावले, आणि दिवाळीला येते असे सांगून गेल्या. त्या दिवाळीपासून दोन वर्षे मी दर रविवारी फाटकाजवळच्या बाभळीखाली बसत असे. त्या वाईट नव्हत्या. त्यांनीही कदाचित कुठे तरी माझ्याविषयी लिहिले असेल, आणि वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले असतील. त्या लेखात बाभळ नसणार.

मराठी साहित्यात ही बाभळ कोणी आणली? दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) बोर्डिंगातल्या पोराचे जगणे त्याच्याच तोंडून सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ने (१९८४) बापाचे नाव विचारणाऱ्या समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना आईचे नाव आपल्या नावात धरले. ज्यांच्यावर दया करायची ती मुले मोठी होऊन निवेदक झाली, ही या परंपरेची खरी कमाई. तिच्यावर वाढलेला लेखक परदेशात गेल्यावर पुन्हा पाहुण्याच्या खुर्चीत बसतो, ही मला चिंतेची गोष्ट वाटते. खुर्ची मिळाली की नजर बदलते. आपली नजर बदलणार नाही, असे आपण गृहीत धरून चाललो होतो.

मग परक्या मुलावर माया करूच नये काय? करावी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत १८७४ मध्ये त्यांनी आपला केला. त्याला नाव दिले, घर दिले, डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन याच यशवंताच्या दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. येथे माया म्हणजे आयुष्यभराची जबाबदारी आहे. सहा आठवड्यांच्या मायेला तिची सर यायची नाही. पण आपण सहा आठवड्यांचेच आहोत, एवढे तरी तिने कबूल करावे.

आणि यवतमाळचे काय? या जिल्ह्यात बापाने कर्जापायी जीव दिलेली मुले गावोगाव आहेत. त्यांना सरसकट अनाथ म्हणणे हा त्यांच्या आयांचा अपमान आहे. आई असते, ती निंदणाला जाते. तिच्याकडे नसतो तो पैसा. २०१५ चा बालन्याय कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो. सावित्रीबाईंचे नाव दिलेल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत मूल घरीच वाढावे म्हणून मदत मिळते. २०२३ मध्ये ती दरमहा २,२५० रुपये झाली. त्या अर्जाचे कागद जमवायला मदत करणे हेही मुलावर प्रेम करणे आहे, जरी त्यावर ललित लेख होत नसला तरी. जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेली ती बाई व्यासपीठावर स्वतः बोलली. ते आधी वाचा, असे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले.

हस्तलिखित परत करताना शेवटच्या पानावर मी तीन प्रश्न लिहिले. तिची आई कुठे आहे? तुझ्या आधी तिने किती जणांचे बोट धरले? तू गेल्यावरच्या सकाळी तिने काय केले? तिसऱ्याचे उत्तर त्याला देता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते तिने लिहायचे आहे. तोवर त्याच्या पुस्तकात त्या सकाळीसाठी एक पान कोरे असावे.